भावसिंगचं कमी चरबीचं पाकीट

भावसिंग आडे बोलताना दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यासारखे पुढे धरतो. गोष्टीत वळण आलं की हातही वळतात. मुकुटबनजवळच्या तांड्यावर त्याचं घर आहे आणि एकतीस वर्षं तो वणीच्या कोळशाच्या ट्रकवर आहे. चौथीपर्यंत तो माझ्या हाताखाली शिकला. तोंडी हिशोबात त्याच्यापुढे कोणी जात नसे.

गेल्या हिवाळ्यात त्याचा परवाना नव्यानं करून घ्यायची वेळ आली. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. वणीच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. रक्तदाब एकशे सत्तर होता. त्यांनी गोळी लिहून दिली, तेल-मीठ कमी करायला सांगितलं आणि कागद सही न करताच परत दिला. "महिन्यानं या. आकडा उतरला तरच सही."

संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला. मग म्हणाला, "गुरुजी, ट्रकवरून उतरलो त मंग म्या कोन?"



त्याची मुलगी संगीता यवतमाळला राहते, लोहारा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. बापाचा भज्यांचा नाद तिला ठाऊक. ती पुढच्याच रविवारी आपला जुना मायक्रोवेव्ह आणि पॉपकॉर्नच्या पाकिटांचं एक खोकं घेऊन आली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कमी चरबीचे.

"बा, हा मक्याचा अख्खा दाना हाय, कोंड्यासकट," ती म्हणाली. "पोट भरते अन तेल नावाले. भज्यांपेक्षा शंभर पट बरं."

यात तिचं काही चुकलं नव्हतं.

भावसिंगनं मन घट्ट केलं. भजी सोडली, चिवडा सोडला, मटण सोडलं. घरी बायको जमनी वरणात मीठ चिमटीनं मोजून टाकू लागली. सकाळी एक पाकीट फुगवून तो ट्रकमध्ये ठेवी आणि घरी परतला की दुसरं फुगवी. काट्यावर गाड्या वजनाला लागलेल्या असत. त्याच्या मांडीवरची पिशवी पाहून धावजी ड्रायव्हर ओरडे, "काय भावसिंग, शिनेमा कोनता हाय आज?"

"तुयाच तोंडाचा," भावसिंग म्हणे आणि मूठ भरे.

पंधरा दिवसांनी गावच्या नर्सबाई जयाताई मशीन घेऊन तांड्यावर आल्या. आकडा निघाला एकशे अठ्ठ्याहत्तर.

"गोळी घेता ना, काका?"

"रोज."

"मंग चोरून काय खाता?"

हे त्याला लागलं. लग्नाच्या पंगतीतूनही न जेवता उठून आलेला माणूस तो, त्याला चोर म्हणावं! जमनी पुढे झाली. "नाई वो बाई. तोंडात वावगं काई जाऊन नाई राह्यलं. म्या साक्षी हाय."

जयाताई गेल्या तेव्हा तो अंगणात बाजेवर पडून राहिला. संध्याकाळचं पाकीट त्यानं रागानंच रिकामं केलं आणि पिशवी फेकून दिली. बकरी आली. तिनं पिशवी पायाखाली दाबून फाडली आणि आतली बाजू चाटायला लागली. जमनी तुरी निवडत होती. तिचे हात थांबले.

तांड्यावरच्या या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव फिरत. ते दिवस गेले, पण जमनीच्या गोठ्यात अजून खड्याच्या मिठाचं ढेकूळ टांगलेलं असतं. बकरी ते कशी चाटते हे ती लहानपणापासून पाहत आली आहे.

"अवो संगीताचे बा, पाहा इकडं. बकरी कागद खाते. हे त चाटून राह्यली."

"चाटू दे."

तिनं उठून बकरीच्या तोंडातून पिशवी ओढली, आत बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं. "मीठ हाय यात! तुमाले समजलं नाई?"

"नाई."

"समजन कसं? तीस वर्सं ढाब्याची भाजी खाल्ली. जीभ मेली तुमची."

दोघं ती चाटलेली पिशवी घेऊन माझ्याकडे आले. मी भिंग काढून मागची बारीक अक्षरं वाचली. चरबी कमी होती, चोथा चांगला होता. पुढच्या बाजूला खोटं काही छापलेलं नव्हतं. पण आकडे तीस ग्रॅमच्या एका वाट्याचे होते आणि पाकिटात असे तीन वाटे. एका वाट्यात सोडियम दोनशे सत्तर मिलिग्रॅम.

"तीन वाटे, दोन पाकिटं," भावसिंग लगेच म्हणाला. "सोळाशे वीस."

म्हणजे साधारण चार ग्रॅम मीठ, जवळपास अख्ख्या दिवसाचं. मी चमच्यात काढून दाखवलं. तो चमच्याकडे पाहत राहिला. "ही बिचारी चिमटीनं मोजून राह्यली, अन म्या..."

मग त्याला दुसरीच काळजी लागली. संगीताला सांगायचं कसं? त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. ऐकून ती रडवेली होऊन म्हणाली, "बा, म्याच तुमचा परवाना घालवत होती."

"अवं, तू काहून? पाकीट तिघांचं होतं, खाल्लं एकट्यानं. तुया मका बराबर हाय. पुड्याच्या माघं नाई पाह्यलं, तुवं बी अन म्या बी."

दुसऱ्या दिवसापासून जमनी साधे मक्याचे दाणे काचेच्या भांड्यात झाकून त्याच मायक्रोवेव्हमध्ये फुलवू लागली. तेल नाही, मीठ नाही. पहिल्या दिवशी भावसिंग म्हणाला, "बैलाची वैरन हाय हे." चौथ्या दिवशी काहीच म्हणाला नाही. आठव्या दिवशी मला सांगितलं, "गुरुजी, मका गोड लागते. मले मालूमच नव्हतं."

ठरलेल्या तारखेला नवरा-बायको वणीला गेले. डॉक्टरांनी पट्टा बांधला. एकशे अडतीस. खात्रीसाठी पुन्हा बांधला, तेवढाच. गोळी सोडायची नाही असं बजावून त्यांनी दाखल्यावर सही केली.

भावसिंगनं दाखला घेतला, पण तो खुर्चीवरून उठला नाही. बाहेर बाकावर जमनी बसली होती. त्यानं दाराकडे तोंड करून हाक मारली आणि डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, हिच्या हाताले बी लावा थो पट्टा. माया ताटातलंच खाते, पन हिचं कोनं कवा मोजलंच नाई."

"मले काय झालं?" जमनी दारातून म्हणाली. पण पदर सावरत आत आली, आणि भावसिंगनं तिच्यासाठी खुर्ची रिकामी केली.