पट्टा देणाऱ्यानेच विचारलं

आमचे हे गुडघेदुखीचे डॉक्टर, पण त्यांचा खरा जीव दुसऱ्यांच्या संशोधनातल्या चुका काढण्यात. दर आठवड्याला रुग्णालयात विद्यार्थ्यांना गोळा करून कुणाच्या तरी छापून आलेल्या अभ्यासाची चिरफाड करायचे. "उपचार करणाऱ्यानेच गुण आला का असं विचारायचं नाही, लोक भिडेखातर हो म्हणतात," हे तर मला भाजी निवडतानाही ऐकावं लागे. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'चाळणी' म्हणत. ते यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

अशा माणसाने स्वतः गुडघ्याचा एक पट्टा तयार केला. पेशंटना बांधायला दिला आणि काही महिन्यांनी स्वतःच फोन फिरवले, "काय, बरं वाटतंय ना?" बहुतेकांना बरं वाटत होतं. पट्टा न देता तुलनेसाठी काही जण ठेवावेत, तर तेही नाही. म्हणे, एवढी चांगली वस्तू नाकारू कुणाला? सगळ्यांत आधी बरं वाटलं ते वन्संना, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीला. आई गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं.

रुग्णालय आता गुडघेदुखीच्या प्रत्येक पेशंटला हाच पट्टा द्यायचं ठरवणार होतं. त्याआधी यांनी मोठ्या हौसेने आपला अभ्यास विद्यार्थ्यांपुढे मांडला. एका मुलीने चाचरत विचारलं, "सर, दुखणं कमी झालं का, हे पेशंटना कोणी विचारलं?"

"मीच," हे म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा पडला. कुणी हसलं असतं तरी परवडलं असतं, पण सगळे खाली बघत बसले. घरी येऊन ही हकीकत सांगताना यांचं ताट पुढ्यात तसंच होतं. एरवी मी टोमणा सोडला नसता, पण त्या दिवशी जीभ रेटली नाही.

यांनी त्याच मुलीला सगळ्या पेशंटना पुन्हा विचारायला पाठवलं. वन्संचं घर आमच्या समोरच, दोन्ही दारं दिवसभर उघडी. ती आली तेव्हा आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"कसला फरक! जिना उतरताना उलट जास्तच दुखतं," वन्सं म्हणाल्या. "पण तो इतक्या आशेने विचारतो गं. तोंडावर नाही कसं म्हणू? त्याला सांगू नकोस हं."

हे उठले. ताईची माफी मागायला हवी, एवढंच पुटपुटले. लाजेने कानापर्यंत लाल झालेले. मीही मागोमाग गेले.

यांना दारात पाहताच वन्संनी खुर्चीखालचा पट्टा घाईघाईने ओढून घेतला, गुडघ्याला करकचून आवळला आणि उभं राहून दाखवलं.

"ये रे," त्या म्हणाल्या. "आत्ताच हिला सांगत होते, किती आराम पडलाय ते."

हे त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि पट्टा सोडवू लागले. वर बघायचं धाडस काही यांचं झालं नाही.