रखमाबाईचा वरवंटा

रखमा नवी नवरी म्हणून शहाडच्या चाळीत आली, तेव्हा सासूने तिला दागिना दाखवला नाही, पाटा-वरवंटा दाखवला. काळाभोर दगड, खेडकडच्या डोंगरातला. सासूच्या सासूने तो लग्नात आणलेला, आणि घरातल्या एकूण एक पोराचं बारसं त्यानेच झालेलं. बारशाला आपल्यात वरवंट्याला बाळासारखं नटवतात. तेल-हळद लावायची, काजळ घालायचं, झबलं-कुंची चढवायची आणि पाळण्याच्या खालून-वरून एकीने दुसरीच्या हातात द्यायचा. पोर दगडासारखं टणक निघावं म्हणून. मग खरं बाळ पाळण्यात जातं.

रखमाचा नवरा दगडू तसा टणकच निघालेला. जरा जास्तच. कारखान्यातली पाळी संपवून आला की आधी बायकोला मारायचा, मग जेवायचा. मीठ कमी झालं म्हणून मारायचा, आणि मीठ बरोबर असलं तर वर मान करून बघितलंस म्हणून मारायचा. पट्ट्याने, चपलेने, एकदा तर सायकलच्या पंपाने. रखमाचा डावा कान त्या पंपात गेला. तेव्हापासून ती माणसाकडे उजवी बाजू करून बसते, आणि लोकांना वाटतं, म्हातारीला फार गर्व.

एका रविवारी ती कोंबडीचं वाटण वाटत होती. दगडू मागून आला आणि त्याने तिच्या पाठीत लाथ घातली. रखमा तोंडावर पाट्यावर आपटली. ओठ फाटला, मिरची डोळ्यांत गेली. दिसेना काही, हातात वरवंटा तेवढा होता. तिने तो अंदाजाने खाली आणला. दगडूच्या पायाची दोन बोटं चेचली आणि अंगठ्याचं नख उडून वाटणात पडलं. ते वाटण मग टाकावंच लागलं.

किंकाळी ऐकून सासू धावत आली. पोराकडे तिने बघितलंही नाही. आधी वरवंटा उचलला, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिला.

"टवका नाय गेला," ती म्हणाली. मग रखमाच्या डोळ्यांवर ओला पदर धरत हळूच बोलली, "आणि ऐक गो, परत वेळ आली तर नडगीवर घाल. बोटं काय, महिन्यात बरी होतात."

हे सासूला कुठून ठाऊक, ते रखमाने विचारलं नाही. सासरे जन्मभर लंगडायचे. कारखान्यात लोखंड पडलं पायावर, असं सगळ्या चाळीला माहीत होतं.

त्या दिवसापासून दगडूने चुलीच्या बाजूला हात उचलला नाही. मारायचं मनात आलं की बाहेरच्या खोलीतून हाक द्यायचा, "ये इकडे, तुला दाखवतो!"

"मी वाटतेय," रखमा आतून सांगायची.

वर्षानुवर्षं ती वाटतच राहिली. एवढं वाटण त्या घराला लागायचंही नाही. उरलेलं चाळीत द्यायची. मग चाळ मागायला लागली, मग खानावळी मागायला लागल्या. कारखाना बंद पडला, पाठोपाठ दगडूही गेला, तेव्हा त्या वाटणावरच रखमाबाईने एकुलत्या एक लेकीला, जागृतीला शिकवलं. दोन वर्षांनी एकदा टाकी लावणारी बाई यायची, छिन्नीने पाटा खरखरीत करून द्यायची. "मावशी, मिक्सर घ्या आता," ती दर वेळी म्हणायची. स्वतःच्या पोटावर पाय आणणारी अशी बाई रखमाबाईने दुसरी बघितली नाही.

जागृतीचं लग्न घोडबंदर रोडला झालं. बाविसावा मजला. जावई प्रशांत ऑफिसात जाणारा, गाडीवाला, हळू आवाजात बोलणारा. हळू बोलतोय म्हणजे माणूस चांगला असणार, असं रखमाबाईला वाटलं. आयुष्यभर ओरडणाऱ्याचा मार खाल्लेला, तिला दुसरा अनुभव कुठून असणार? प्रशांत मारायचाही हळू आवाजात. दार लावून, टीव्ही मोठा करून, चेहरा सोडून. जागृती पोटुशी होती, सातव्या महिन्यात त्याने तिला ओट्यावर ढकललं आणि वर लाथा घातल्या. पोटाला लागू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली, तेव्हा लाथा पाठीवर आल्या. दोन बरगड्या मोडल्या. अंगावरच्या गाऊनवर ओढणी टाकून ती तशीच रिक्षा करून आईकडे आली.

मुलगी झाली. पाचव्या दिवशी प्रशांतचा फोन आला. नेहमीच्याच हळू आवाजात तो म्हणाला, "तू नको येऊस. मी फक्त मुलीला घेऊन जाणारे. मग बघू, तू कशी मागे येत नाहीस."

फोन ठेवून जागृतीने बाळाला उराशी घेतलं. "आई," ती म्हणाली, "त्याने हिला नेलं ना, तर मी जाईन गं परत. मला माहितीये मी मरेन तिथे. पण जाईन."

 रखमाबाईला माहीत होतं, पोर खरं सांगतेय.

बाराव्या दिवशी बारसं ठेवलं, सकाळी अकराला. पुरुष एकही बोलवायचा नाही, दाराला आतून कडी. पण बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि आत्या म्हणजे प्रशांतची बहीण अक्षदा. पोरगी सरळ होती, जागृतीला चोरून फोन करायची. तिला बोलावलं. ती कुणाला न सांगता निघाली, पण भावाने तिच्या मागे गाडी लावली, हे तिला कळलं नाही.

अक्षदासाठी कडी काढली. ती आत आली, पाच बायका आधीच जमलेल्या. वरवंटा नटवून झालेला, गुलाबी कुंचीत काजळ घातलेलं त्याचं काळं तोंड. शेजारच्या भीमाबाईने पाळण्याखालून 'घ्या' म्हणून दिला, रखमाबाईने वरून घेतला. बाळ आतल्या खोलीत जागृतीच्या मांडीवर झोपलेलं, अंगावर ओढणी.

कडी परत लावायची राहून गेलेली. प्रशांत दार लोटून आत आला.

"अरे दादा, तू?" अक्षदा ओरडली.

त्याने तिला एका हाताने बाजूला फेकलं. ती पाळण्यावर आदळली. "मुलगी कुठेय?" असं म्हणता म्हणता त्याची नजर रखमाबाईच्या हातातल्या गुलाबी कुंचीवर गेली.

रखमाबाईला तेवढा एकच क्षण मिळाला. बाबा रे, हा दगड आहे, असं सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तो आत वळला असता. चार पिढ्यांचा वरवंटा तिने छातीशी कवटाळला, कुंचीची कड त्याच्या तोंडावर ओढली आणि गळा काढला.

"नको रे नेऊ माझ्या नातीला! बारा दिवसांची आहे रे ती!"

"सोड, म्हातारे!"

त्याने तिच्या पोटात गुडघा घातला. तिने सोडलं नाही. लगेच सोडलं तर संशय येईल, एवढं भान तिला होतं. त्याने केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटल्यावर तिने हात ढिले केले. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. प्रशांतने कुंची बगलेत मारली आणि जिना उतरला.

 भीमाबाई दारापर्यंत धावली. "अगं, तो वरवंटा घेऊन गेला."

"कडी लावा," रखमाबाई म्हणाली. "आणि पोलिसांना फोन करा. हसताय काय गं?"

पुढचं प्रशांतनेच नंतर सांगितलं. कुंची मागच्या सीटवर टाकून तो निघाला आणि पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. दहा मिनिटं झाली तरी पोर रडेना, म्हणून त्याने वळून कुंची बाजूला केली. पोरीला त्याने त्याआधी एकदाही उचललेलं नव्हतं. दोन पोरांचं वजन एका कुंचीत, तरी त्याला काही वेगळं वाटलं नाही.

तो गाडी तिथेच सोडून पळत परत आला. या वेळी वरवंटा उघडा होता, हातात उंच धरलेला. पहिल्या घावात कडी वाकली, दुसऱ्यात बिजागरी निखळली. तिसऱ्याला दार आत पडलं. आता तो हळू बोलत नव्हता. जागृती बाळाला पोटाशी घेऊन कोपऱ्यात वाकलेली. त्याने तिच्या डोक्यावर वरवंटा उगारला, आणि रखमाबाई मध्ये आली. हात वर केला, त्यावर घाव बसला. हाड मोडल्याचा आवाज भीमाबाईने चुलीपाशी ऐकला.

दुसरा घाव बसला नाही. अक्षदाने मागून जमिनीवर झेप घेत भावाचे दोन्ही पाय ओढले. तो पालथा आपटला, समोरचा दात गेला. भीमाबाईने घुगऱ्यांचं गरम पातेलं घुगऱ्यांसकट त्याच्या पाठीत घातलं, आणि तो ओरडून उठायच्या आत चार बायका त्याच्यावर जाऊन बसल्या. त्यातल्या दोघी चांगल्या वजनदार होत्या. पोलीस येईपर्यंत कुणी उठलं नाही. एकीने तर मध्येच पान लावलं. घुगऱ्या वाया गेल्या, याचं भीमाबाईला आजही वाईट वाटतं.

चौकीत रखमाबाई मोडक्या हाताला लाटणं बांधून बसली. दवाखान्यात आधी चला, असं सगळे सांगत होते. "आधी लिहून घ्या," ती म्हणाली. "नंतर लोकांची मनं बदलतात."

टेबलामागे एक बाई हवालदार होती. समोरच्या बाकावर प्रशांत, तोंडाला रुमाल लावून.

"मॅडम, मी माझ्याच मुलीला नेत होतो," तो म्हणाला. "यात गुन्हा काय?"

"नेली का?"

"नाही."

"मग काय नेलंत?"

प्रशांतने रुमाल तोंडावर आणखी दाबला.

"अहो, लिहायचंय मला. काय नेलंत?"

"वरवंटा."

हवालदार बाईंनी मान खाली घालून लिहिलं, खांदे मात्र हलत होते. वरवंट्याला चिठ्ठी बांधून तो कपाटात गेला. केस संपेपर्यंत मिळणार नाही, त्या म्हणाल्या. कधी संपेल, ते त्यांना सांगता येईना. रखमाबाईने कपाटाकडे एकदाच बघितलं. रक्त पुसून ठेवा, एवढंच म्हणाली.

मग जागृतीची पाळी आली. ती सांगत गेली. आजचं सांगितलं, मग बरगड्यांचं, मग त्याच्या आधीचं. तीन वर्षांचं सगळं. मध्ये कुठे थांबली नाही. प्रशांतने मध्येच "जागृती" अशी हळू हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

"बाळाचं नाव?" बाईंनी विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. नाव ठेवायचंच राहिलेलं.

"दोन मिनिटं थांबा हां, मॅडम," रखमाबाई म्हणाली. "अक्षदा, ये पुढे."

अक्षदा बिचकली. तिच्या कपाळावर पाळण्याचं टेंगूळ आलेलं. "मावशी, मी? माझ्या भावाने एवढं सगळं..."

"तू आत्या आहेस ना? मग हो पुढे. बाईंना दुसरी कामं आहेत."

अक्षदा बाळावर वाकली. कानाशी तोंड नेऊन तिने कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बाळाने एक डोळा उघडला, चौकी बघितली आणि परत मिटला.

"सान्वी," जागृती म्हणाली.

बाईंनी लिहिलं. "आणि तुमचा कायमचा पत्ता? घोडबंदर रोडचा घालू?"

जागृतीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"नको," ती म्हणाली. "शहाडचा घाला."