मला क्षय नव्हता, हे आज माइकवर सांगितलं

मंडळी, आज कुंभकोणमला आमच्या जुन्या डॉक्टरांच्या जन्मशताब्दीला गेले होते. त्यांच्या नातवाने आग्रह केला, "आजी, तुम्ही त्यांच्या सर्वांत जुन्या पेशंट. फोटोला हार घाला, दोन शब्द बोला."

बोलले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी बाळंतीण, खोकला थांबेना. या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सासूबाईंना सांगितलं, "क्षय आहे." थुंकी तपासली नाही, एक्स-रे काढला नाही. त्याच दिवशी सासरच्यांनी तान्ही लेक काढून घेऊन मला तिरुनीलक्कुडीला माहेरी धाडलं. पुढे तंजावरला तपासणी झाली, तेव्हा दमा निघाला. तोवर नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. माझी लेक मला जन्मभर मावशी म्हणाली.

डॉक्टरांचा नातू कुजबुजला, "आजी, पुरे."

मी म्हटलं, "चूक झाली एवढंच सासरी सांगा, म्हणून तुझ्या आजोबांना विनवलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं. आज तू ऐकून घे."

हार ताटातच ठेवून घरी आले. फार बरं वाटतंय.

भाचा रागावलाय. गेलेल्या माणसावर सूड कसला, म्हणतो. तुम्ही घातला असता तो हार?