व्याह्यांचा तांब्या

वैशाखातल्या रणरणत्या दुपारी बाबाराव पागनीस हजीरा मोहल्ल्यातून पायी लष्कर पेठेत आमच्या घरी यायचे आणि आमच्या गार रांजणाला पाठ टेकून स्वतःच्या तांब्यातलं कोमट पाणी प्यायचे. तांब्या रिकामा झाला की नुसते ओठ चाटत बसायचे. "घ्या हो घोटभर, आपलंच घर आहे," म्हटलं की दोन्ही कानांच्या पाळ्या धरायचे. "मुलीच्या घरचं पाणी? नातवंड व्हायच्या आत? राम राम राम!"

ती मुलगी म्हणजे राखेच्या रंगाची, गुलाबी चोचीची, मूठभर चिमणी होती. तिचं नाव सर्जेराव.

आता असं बघू नका माझ्याकडे, सांगतो.

बाबाराव आणि मी दरबारच्या एकाच दप्तरात शेजारी शेजारी बसायचो. त्यांचे पूर्वज घोडदळाबरोबर दख्खनेतून आलेले. घोडे केव्हाच गेले, पण रुबाब तेवढा मागे राहिला. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. मलाही नव्हतं. लाल, मुनिया, मिळेल ते इवलंसं पाखरू आणून त्याचा संसार थाटून द्यायचा, हा आमचा दोघांचा नाद. एकदा पडावाच्या बाजारात पक्षीवाल्याकडे जावा बेटातल्या दोन चिमण्या दिसल्या. या जातीत नर आणि मादी दिसायला अगदी सारखे. फक्त गातो तो नर. त्या वेळी दोन्ही मिठाची गुळणी धरून बसलेल्या.

"एक नर है, एक मादा, हुजूर," पक्षीवाला म्हणाला. "कौन क्या है, ये तो ऊपरवाला जाने."

"डावा नर," बाबाराव म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं.

"कशावरून म्हणजे? तो मी घेतोय ना! पागनिसांच्या घरात तीन पिढ्यांत मुलगी जन्मलेली नाही."

झालं! त्यांच्या चिमणीच्या पायात लाल दोरा, नाव सर्जेराव. माझ्या चिमणीच्या पायात पिवळा, नाव चिमा. पंधरवड्याने लग्न लावलं. हातरुमालाचा अंतरपाट धरला, मंगलाष्टकं मीच म्हटली, आणि चिमा त्यांच्या पिंजऱ्यात नांदायला गेली. त्या दिवसापासून आम्ही व्याही झालो, आणि माझे दिवस फिरले. कालपर्यंत माझ्या ताटातली भाकरी मोडून खाणारा हा माणूस आता दारात उभा राहून पाय धुवायला पाणी मागू लागला. संक्रांतीला तिळगूळ आधी त्याला दिला नाही म्हणून चार दिवस दप्तरात बोलला नाही. आमची सौभाग्यवती चिडली की म्हणायचे, "विहीणबाई, मुलीकडच्यांनी जरा वाकून असावं. बरं दिसतं." पिंजऱ्यातून गाणं ऐकू आलं की मिशीवर ताव. "ऐका! जावई तुमचे काय गातायत! क्या बात है!"

असे सहा महिने मी सोसले. एका सकाळी बाबाराव दप्तरात आले ते पगडी काखेत मारून. माझ्या बैठकीसमोर आले, आणि भर दप्तरात ती पगडी माझ्या पायांवर ठेवली.

"अहो, काय झालं?"

"सर्जेरावांना अंडं झालं."

"काय?"

"माझ्या डोळ्यांदेखत हो! घरट्याचं मडकं रिकामं होतं. लाल दोरा आत गेला, बाहेर आला, तर आत अंडं. आणि तुमची चिमा दांडीवर बसून गात होती. नाना, चुकलो मी. सहा महिने मुलीचा बाप असून तोरा मिरवला. पदरात घ्या."

मला हसू आवरेना. हेडक्लार्कसुद्धा तोंडाला उपरणं लावून बाहेर गेला. पण संध्याकाळी टांगा आमच्या दाराशी थांबला आणि आत पिंजरा बघून माझं हसू पळालं. सून सासरीच नांदली पाहिजे, म्हणून ते जोडपं मडक्यासकट आमच्याकडे पोचवायला आले होते. मी हात जोडले. "बाबाराव, खेळ होता हो तो. ठेवा तुमच्याकडे. घरात दुसरं आहे कोण तुम्हाला?"

"म्हणून काय लग्न झालेली मुलगी घरात ठेवून घेऊ?" ते म्हणाले. मग पिंजऱ्याच्या तारांवरून बोट फिरवत राहिले. जाताना रडले. अगदी मोठ्याने, लेकीची पाठवणी करताना बाप रडतो तसे रडले.

तेव्हापासून तो तांब्या सुरू झाला. टांग्याच्या धक्क्यांनी ते अंडं गेलं. दुसऱ्या वेळची तीनही पोकळ निघाली. बाबाराव रोज येत, मडक्यात डोकावत, मान हलवत आणि तहानलेले परत जात. तिसऱ्यांदा अंडी झाली तेव्हा ज्येष्ठातला लूचा भाजणारा वारा सुटला होता. एका दुपारी ते आमच्या ओसरीवर आले आणि धाडकन कोसळलेच. अंग तव्यासारखं तापलेलं, तांब्या कोरडा ठणठणीत. सौभाग्यवतीने रांजणातलं पाणी ओठांना लावलं, तर त्यांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट मिटून घेतलं. मी पाया पडलो, शिव्या घातल्या. छे!

शेवटी ती त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "अहो व्याहीबुवा, पिल्लू झालं! आत्ताच!"

त्यांनी डोळे उघडले. गटागटा पाणी प्यायले, आणखी मागितलं. तासाभराने भिंतीला धरून उठले आणि आधी मडक्यापाशी गेले. आत चार अंडी, जशीच्या तशी.

"विहीणबाई, खोटं बोललात," ते म्हणाले. "आणि मी पाणी पिऊन बसलो. आता नातवंड व्हायलाच हवं, नाहीतर माझा धर्म बुडाला."

व्हायचं होतं म्हणा, की त्यांच्या धर्माची सर्जेरावांना काळजी म्हणा, नवव्या दिवशी पिल्लं निघाली. दोन. उघडीवाघडी, डोळे मिटलेली, गुलाबी. बाबारावांनी सगळ्या दप्तराला पेढे वाटले, आणि नर की मादी कळेपर्यंत कोणाचा हक्क बुडायला नको म्हणून बर्फीही वाटली. त्या दिवशी आमच्याकडे पोटभर जेवले. तांब्या आमच्याकडेच विसरून गेले.

पुढच्या थंडीत बाबाराव गेले. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत सगळं संपलं. उज्जैनहून पुतण्या आला, त्याने दिवसवार केले. मला अजूनही दप्तरात शेजारी बघवत नाही. चौदाव्या दिवशी व्याह्यांनी दुखवट्याचा आहेर करायचा असतो, म्हणून आम्ही दोघं धोतरजोडी आणि पगडी घेऊन हजीऱ्याला गेलो. पुतण्याने ताटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"आपण कोण?"

"व्याही," मी म्हणालो.

तो गोंधळला. "पण काकांना तर मूलबाळ नव्हतं."

सौभाग्यवतीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "होती ना, एक मुलगी. आम्हाला दिलीय. सुखात आहे."