आखाजीचा घास
निखाऱ्यावर तूप-गूळ जळल्याचा वास आला की मला गोडादरा वस्तीतल्या आमच्या घरामागचं बदामाचं झाड आठवतं. त्यावर कावळ्यांची पिल्लं होती, आणि ती नीट दिसावीत म्हणून मी शहाण्यानं घरट्याला काठी लावली होती. तेव्हापासून मी मागच्या दारी गेलो की कावळे माझ्या टकलावर चोच मारायचे. वडील गेल्यानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. निखाऱ्यावर तूप-गूळ वाहून पितरांचा घास भिंतीवर ठेवला, पण कावळे शिवेनात, नुसते माझ्याकडे बघत बसले. आई रडवेली झाली, "तूच काठी मारी ना? आते तुना बाप उपाशी राही!" वडील कावळ्यांना रोज भाकरी घालायचे. कावळ्यांनी मला ओळखू नये म्हणून मी वडिलांची टोपी न् चष्मा चढवला, त्यांच्यासारखाच पाय ओढत गेलो आणि तळहातावर घास धरला. तेवढ्यात वीज गेली आणि शेजारच्या लूमचा खडखडाट थांबला. कावळा अलगद उतरला, घास घेऊन वर गेला आणि पिल्लाच्या लाल चोचीत भरवू लागला. मी स्वतःवरच खूश होऊन हसणार, इतक्यात मागून आई हळूच, लाजल्यासारखी म्हणाली, "अहो, आते घरमा या." मागे वळायची माझी छाती झाली नाही. हल्ली आखाजीला मी बोडकाच जातो. टकलावर चोच परवडते, ती हाक नको.