दोन साड्या आणि एक वजनकाटा

माझे वडील एकदा सोमवार ते शनिवार मेले होते. ही माझी थट्टा नाही, त्यांनी स्वतःच तसं जाहीर केलं होतं.

पळस्प्याजवळ हायवेला लागून आमचा वजनकाटा आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ये-जा करणारे ट्रक आमच्याकडे एकदा रिकामे चढतात, एकदा भरलेले. दोन वजनांतला फरक म्हणजे माल, त्याची चिठ्ठी आम्ही द्यायची. एवढाच धंदा, पण चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास हवा. कॉलेजात असल्यापासून मी बाबांबरोबर तिथे बसत आले. लग्न होऊन करंजाड्याला गेले तरी सकाळी साडेसातला काट्यावर हजर. माझा भाऊ मोठा, उरणला बंदराकडे नोकरी करणारा. काट्यावर तो दिवाळीच्या पूजेला यायचा. तरी गावात कुणालाही विचारा, काटा भावाचा आणि मी तिथे 'मदत करते'. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं.

मुलींना वडिलांच्या जमिनीत बरोबरीचा हक्क देणारा कायदा येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. तेव्हापासून आमच्या भागात बहिणींच्या सह्या घेण्याची घाई चालली होती. बहिणीला माहेरी बोलवायचं, साडी द्यायची, गोडाचं जेवण घालायचं आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घ्यायची, अशी रीत. जमिनींना सोन्याचे भाव आलेले, त्यामुळे साड्याही भारी यायला लागल्या होत्या.

त्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं. स्टेंट घालून घरी आले आणि येताना दवाखान्यातून एक खूळ घेऊन आले. रविवारी जेवताना म्हणाले, "उद्यापास्नं सनवारपावेतो मी मेलोय असं समजा. काटा तुमी दोगांनी चालवायचा. मना कायपन विचारायचं नाय."

आईने हातातली भाकरी ताटात आपटली. "असलं अभद्र बोलू नका."

"खरा मेल्यावर मना सांगाला येता येनार हाय काय?" बाबा शांतपणे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

सोमवारी भावाने रजा टाकली. बाबांचा मोबाइल आईने तांदळाच्या डब्यात ठेवला आणि बाबा ओटीवर पेपर घेऊन बसले. आईने मात्र सूड घेतला. सकाळी चहाच दिला नाही. "मेलेल्या मानसाला चा कशाला?" दहा वाजेपर्यंत मयताने तीनदा चहा मागितला, असं संध्याकाळी तिनेच हसत सांगितलं.

मंगळवारी मला पोहोचायला तासभर उशीर झाला. भावाने काटा उघडून पाच ट्रकांच्या चिठ्ठ्या देऊनही टाकल्या होत्या. मी आमची जुनी जीप कुठे आहे ते पाहिलं. ती शेडमध्येच होती. आमच्या काट्यावर दिवसाचं पहिलं वजन त्या जुन्या जीपचं होतं. तिचं वजन आम्हाला पाठ होतं. ते जुळलं तरच पहिला ट्रक चढवायचा. मी जीप चढवली तर साठ किलोचा फरक. रात्री उंदरांनी खालची वायर कुरतडली होती. मी काटा बंद केला, पाचही व्यापाऱ्यांना फोन लावले, चिठ्ठ्या रद्द केल्या, ट्रक परत मागवले. एका व्यापाऱ्याने आवाज चढवला तेव्हा मीही चढवला. चूक आम्हीच सांगतोय ना, मग ओरडता कशाला?

भाऊ पांढराफटक पडला होता. "मला हे कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. ते खरं होतं. बाबांनी मला सगळं शिकवलं होतं. त्याला मात्र मुलगा म्हणून ते आपोआप येईल असं त्यांना वाटलं असावं.

वायर बदलणाऱ्या माणसाचा नंबर फक्त बाबांच्या डोक्यात होता. ते तोंड उघडेनात, म्हणून आम्ही त्यांची पत्र्याची पेटी उघडली. नंबर सापडला आणि त्याच्याखाली जमिनीचा सातबारा सापडला. काट्याखालची जमीन अजून आजोबांच्या नावावर होती. आजोबांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. म्हणजे बाबांनी उद्या कितीही चांगलं मृत्युपत्र केलं असतं, तरी त्यांनी दिलं काय असतं? निम्मी जमीन त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या बहिणीची होती, माझ्या आत्याची.

शनिवारी संध्याकाळी बाबा जिवंत झाले आणि आम्ही सातबारा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "नोंद करायची तं बायची सही लागंल. तिच्याकडं कोनत्या तोंडानं मागू?" आत्या त्यांची मोठी बहीण. बाबा शाळेत जायचे तेव्हा ती आजोबांबरोबर मिठागरावर मीठ ओढत राबत होती. खारं पाणी, ऊन, पायांना भेगा. ती जमीन मिठाच्या कमाईतून घेतलेली होती, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते बावीस वर्षं गप्प बसले होते.

त्याच वेळी भाऊही मनातलं बोलला. "काटा मला जमणार नाही, हे मला कळलं. पण तो हिच्या नावावर गेला तर गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मला त्याचा राग आला आणि दयाही आली. निदान खरं तरी बोलला होता. पुढच्या आठवड्यात बाबा एकटेच वकिलाकडे जाऊन आले.

रविवारी आम्ही तिघं जीपने आत्याच्या गावाला निघालो. गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी, भाऊ मागे. बाबांच्या मांडीवर दुकानाची पिशवी होती. खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवीतून साड्यांची दोन खोकी घसरली.

"दोन साड्या कशाला?" मी विचारलं.

बाबा समोरच्या काचेतून बघत राहिले. भाऊ खिडकीबाहेर. मग मला कळलं, आणि मी जीप रस्त्याच्या कडेला घेतली.

"दुसरी माझी ना?"

"तू रागावू नको," बाबा म्हणाले. "नाव त्याचं ऱ्हाईल, काटा तूच चालवशील. नावानं काय फरक पडतो?"

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला. इतकी वर्षं रोज सकाळी जीप चढवून वजन जुळवणारी मी, आणि माझा हिशेब एका साडीत. मी म्हणाले, "मी सही करणार नाही. आणि आत्याकडे तुम्हाला काय मागायचं ते तुम्ही मागा. मी तिथे गप्प बसणार." आणि गाडी चालू केली.

आत्या अंगणात सुकट वाळत घालत होती. हात धुतले, आम्हाला चहा दिला, जीपकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. बाबांनी पिशवीला हात घातला, तेव्हा तीच म्हणाली, "सहीसाठी आलास ना? लय उशीर केलास."

बाबांनी साडीचं खोकं आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिने साडीवरून हात फिरवला, चांगली आहे म्हणाली आणि खोकं परत केलं. "सही नाय देनार. पैसं पन नको. सातबाऱ्यावर बाच्या जागी तुज्या नावाबरोबर माजं नाव लाव. मीठ मी पन वडलाय."

"बाय, काटा तं आमीच चालवनार," बाबा हळूच म्हणाले. "नावानं काय फरक पडतो?"

"नाय पडत ना?" आत्या म्हणाली. "मंग माजं ऱ्हाऊं दे."

बाबांनी कागद परत पिशवीत ठेवला. मी शब्द दिल्याप्रमाणे गप्प होते, पण मला उठून तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. तेवढ्यात आत्याने विचारलं, "काटा चालवतं कोन?"

बाबांनी आधी भावाकडे पाहिलं. उत्तर त्यानेच दिलं. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही." एवढंच. त्या एका शब्दासाठी त्याला काय मोजावं लागलं असेल ते मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी त्याला आजही मानते.

परतताना पळस्प्याच्या अलीकडे बाबांनी मला गाडी थांबवायला सांगितलं. खिशातून दुसरा कागद काढला, माझ्या सहीचा. चार तुकडे केले आणि खिशात परत ठेवले. रस्त्यावर कचरा करणं त्यांना कधीच आवडायचं नाही.

तलाठ्याकडे नोंद झाली, आत्याचं नाव बाबांच्या नावाशेजारी लागलं. मग बाबांनी मृत्युपत्र केलं. घर आणि गावातलं शेत भावाला, काटा आणि त्याखालचा त्यांचा हिस्सा मला. आत्याच्या वाट्याचं भाडं तिला हयातभर मिळेल, हेही त्यात लिहिलं. मृत्युपत्र नोंदवायच्या सकाळी मी माहेरी आले तर आई ते दुसरं खोकं घेऊन दारात उभी होती. मी नको म्हणाले. त्या साडीचा मला अजून राग होता.

"घे," ती म्हणाली. "ही आता सहीची नाय. मी भावांना सही दिली तवा मना पन भेटली व्हती अशीच एक. कपाटात हाय, नेसवलीच नाय मना." आणि खोकं उघडून माझ्या खांद्यावर साडीचा पदर टाकून बघत म्हणाली, "तू तरी घडी मोड."