चौथ्या खाटेवरचा पंखा

१९९८च्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, बारामतीतल्या एका खासगी रुग्णालयात दोन बायकांच्या रक्ताचे अहवाल एकमेकींच्या कागदावर गेले. ते ज्या यंत्रातून गेले, ते कसं चालावं हे ठरवणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो.

त्याआधी मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. रुग्णालयाला तळहातावर मावणारा संगणक प्रयोगशाळेच्या कामाला लावायचा होता. त्यासाठी ते काम जसं चालतं तसं कुणीतरी आधी लिहून काढायला हवं होतं. मला विशेषणांशिवाय लिहिता येतं, एवढ्यावर माझी निवड झाली. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी वालचंदनगरची होती, कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. रोज एसटीनं यायची.

तीन आठवडे मी तात्यांच्या मागे चाललो. तात्या म्हणजे प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, पन्नाशी ओलांडलेले, इंदापूर तालुक्यातले. सकाळी सातला ते नळ्यांचा लाकडी स्टँड घेऊन बायकांच्या वॉर्डात शिरत. खिडकीतून येणारं ऊन रिकाम्या नळ्यांतून जाई आणि भिंतीवर विहिरीतल्या पाण्यासारखे कवडसे हलत. तात्या पुढच्या खाटेकडे गेले की कवडसेही पुढे जात. कुणी मोठ्यानं बोलत नसे. माझ्या वहीत त्या सकाळच्या फक्त वेळा आहेत: सात पाच, सात नऊ, सात बारा.

तात्या नाव विचारत नसत. गाव विचारत. मग चिकटपट्टीच्या तुकड्यावर बॉलपेननं लिहून तो नळीला लावत: ‘कळस, हिरवं लुगडं.’ ‘इंदापूर, नाकात चमकी.’

यंत्राचा पडदा करडा होता. त्यावर रोमन अक्षरं एकेक करून काडीनं टेकवावी लागत. एका नावाला मिनिट जाई, आणि आडनावं तर निम्म्या वॉर्डाची सारखीच. खाटेचा क्रमांक दोन टिचक्यांत जात होता. म्हणून नळीवर आणि यंत्रात खाटेचाच क्रमांक घालायचा आणि चिकटपट्ट्या बंद करायच्या, असं ठरलं.

“पण खाट बदलली तर?” मुलीनं विचारलं होतं.

“खाट हलत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्या वहीत आहे.

दुपारच्या नोंदी मात्र वहीत नाहीत. दुपारी मी व्हरांड्यात बसून सकाळच्या नोंदी पक्क्या करत असे. समोर कडुनिंब मोहरलेला होता. एमआयडीसीच्या वाटेनं दुधाच्या रिकाम्या किटल्या बांधलेल्या मोटरसायकली जात. त्यांचा खणखणाट लांब जाऊन बारीक होई, आणि तो कुठे संपला हे मला कधी कळलं नाही, कारण तोवर डोळा लागलेला असे. जाग आली की वहीवर मोहराची बारीक फुलं पडलेली असत. ती झटकून मी पुढची ओळ लिहीत असे.

आत त्याच वेळी वीज जाई. इन्व्हर्टरवर एकच पंखा चाले, चौथ्या खाटेवरचा. जिला सगळ्यांत जास्त त्रास, तिनं दुपारी त्याच्याखाली झोपायचं, असा त्या वॉर्डातल्या बायकांचा रिवाज होता. कोण ते त्याच ठरवत. वीज आली की जी ती आपल्या खाटेवर परते. ही गोष्ट मला मंगळवारी संध्याकाळी कळली.

त्या दिवशी यंत्र पहिल्यांदा खऱ्या कामाला लावलं होतं. चौथ्या खाटेवर इंदापूरची तापाची मुलगी होती. सातव्यावर कळसची एक बाई, पन्नाशीची. अंगावरून जाणं महिनोन्महिने थांबत नव्हतं, पिशवी काढायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्त पुरेसं असेल तर बुधवारी सकाळी नऊला ऑपरेशन. कमी असेल तर आधी बाटल्या चढवायच्या, नाहीतर टेबलावरच जिवाला धोका. त्यासाठी दुपारी चारला तात्यांनी दोघींचं रक्त घेतलं.

साडेसहाला यंत्रातले आकडे खाटेच्या क्रमांकावरून ज्याच्या त्याच्या कागदावर छापून निघाले. तात्यांनी एक कागद हातात धरून ठेवला.

“पेपरवाले, ही कळसची बाई. मशीन म्हणतंय हिमोग्लोबिन साडेअकरा.”

“मग चांगलं आहे की.”

“रक्त घेताना मी तिची पापणी वडून बघितलीय. चुना दिलेल्या भिताडागत हाय. साडेअकरा कुठनं आलं?”

वालचंदनगरच्या मुलीनं यंत्र पाहिलं. “नंबर बरोबर आहे, तात्या. सात.”

तात्यांनी स्टँडमधून सात नंबरची नळी काढली आणि उलटी धरली. बुडाशी नखाएवढा चिकटपट्टीचा तुकडा होता. त्यावर लिहिलं होतं: ‘इंदापूर, चमकी.’

“पट्ट्या बंद करायच्या ठरल्या होत्या ना?” ती म्हणाली.

“वरच्या केल्या की बंद.”

आम्ही वॉर्डात गेलो. कळसची बाई सातव्या खाटेवर उशाला हात घेऊन पडली होती. आयाबाईंनी, म्हणजे मावशींनी, सगळं सरळ सांगितलं.

“दुपारी ही चार नंबरच्या खाटंवर व्हती. तिला दम लागला म्हणून मीच हलवलं. ही पोरगी सातवर गेली.”

“मला सांगायचं नाही का?” मी म्हणालो.

“इचारलं कुणी? आन् खाटंचा काय सातबारा असतो व्हय, जिची तिच्या नावावर?”

इंदापूरची मुलगी हसली. कळसच्या बाईनं तात्यांकडे बघितलं.

“तात्या, मशीन चुकलं व्हय?”

“मशीन न्हाय चुकलं. माणसं झोपली व्हती. हात दे.”

तात्यांनी तिचं रक्त पुन्हा घेतलं. सव्वासातला आकडा आला: सहा. डॉक्टरांनी बुधवारचं ऑपरेशन रद्द केलं. सकाळी कळसहून तिचा दीर आणि त्याचा एक मित्र मोटरसायकलवर आले. दोघांनी रक्त दिलं. त्या दोन बाटल्यांच्या बदल्यात रक्तपेढीतून तिच्या गटाच्या दोन बाटल्या मिळाल्या.

पुढचे चार दिवस मी दुपारी वॉर्डात बसलो. वीज गेली की खोलीत मंद अंधारल्यासारखं होई आणि बायका एकमेकींना हात देत खाटा बदलत, न बोलता, पाण्यात चालल्यासारख्या. वर पंखा सावकाश फिरे. मी वेळा लिहिल्या: दोन दहा, दोन चौदा. शनिवारी मुलीनं पडद्यावरून खाटेचा क्रमांक काढून टाकला आणि तिथे दोन रकाने ठेवले, गाव आणि खूण. काय भरायचं ते तात्यांनी सांगितलं.

ऑपरेशन सोमवारी झालं. त्यानंतर दहाव्या दिवशी ती बाई दिराबरोबर कळसला जायला निघाली. शेवटच्या अहवालात तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. यंत्रात गाव कळस आणि खूण हिरवं लुगडं अशी नोंद होती. एसटीत चढताना ती निळ्या लुगड्यात होती.